आई, गोळी मी रोज देत होते

प्रिय आई,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. सुनंदाताई उद्याच अकोटहून येतील. त्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितली की तुमच्या लेकीच्या मनातून तुम्ही थोड्या तरी उतराल. म्हणून आधी तुमच्याशीच भांडून घेते. जिवंतपणी कधी भांडू दिलं नाहीत. मी तोंड उघडलं की ताटात आणखी एक भाकर वाढायच्या!

लग्न होऊन जठारपेठेत आले तेव्हा मी तुम्हाला 'सासूबाई' म्हटलं, तर रागावलात. "अमरावतीले एक आई आहे ना तुही, मंग अकोल्यात दुसरी असू दे की वं." इतकं गोड बोलणाऱ्या बाईने माझ्याशी असं का वागावं?

तुम्हाला थायरॉईड निघालं तेव्हा गोळीचं काम मी अंगावर घेतलं. मी शिकवते ती शाळा सकाळची, तरी सहाला तुमच्या हातावर गोळी ठेवून, पेलाभर पाणी देऊन, ती घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायचे. तासभर काही खायचं-प्यायचं नाही, हे रोज बजावायचे. मग सायकल काढायचे.

आणि तरी तुमचा चेहरा सुजतच गेला. केस मुठीने गळायचे. अकोल्याच्या भर मे महिन्यात तुम्ही गोधडी मागायच्या! पन्नासची गोळी पंचाहत्तरची झाली, मग शंभरची, पण रिपोर्ट काही सुधारेना. डॉक्टर दर वेळी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारायचे, "गोळी रोज देता ना?"

मी रिकामी पाकिटं बिस्किटांच्या डब्यात साठवायला लागले. पुरावा म्हणून! सांगतानाही लाज वाटते. अक्षयतृतीयेला ताई आल्या तेव्हा तो डबा मी त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी आत डोकावूनही पाहिलं नाही. "गोळ्या काढून तं कोणीबी फेकून देते वंदना. माय माही दिवसेंदिवस सुजून राहिली, मंग गोळ्या जाते कुठी?"

तुम्ही तिथेच बसला होता. चिंचा फोडत. मी तुमच्याकडे पाहिलं. 'सून रोज देते गं,' एवढंच तुम्ही म्हणायचं होतं. तुम्ही चिंचोके वेगळे करत राहिल्या.

त्या रात्री मी जेवले नाही, आठवतं? आणि दुसऱ्या दिवशी काय केलं तेही आठवत असेल. गोळी दिल्यावर शाळेतल्या पोरांना म्हणते तसं तुम्हाला म्हटलं, "आ करा. जीभ वर करा." तुम्ही मुकाट्याने तोंड उघडलंत, जीभ वर केलीत. तोंड रिकामं होतं. सत्तरीतल्या बाईला मी असं केलं! त्याचं दुःख मला आहेच. पण आई, तेव्हा तरी खरं सांगायचं होतं.

तुम्ही गेल्या ते हृदय थकून. थायरॉईडने गेल्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण तेराव्याला जेवणाच्या पंगतीत बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या आणि ताई त्यांना थांबवत नव्हत्या.

पुढे दोन महिन्यांनी वाती वळायला म्हणून मी तुमचं कापसाचं गाठोडं सोडलं. तुमच्या त्या गाठोड्याला घरात कोणी हात लावत नसे. आत रिकाम्या बाटल्या. ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाच्या. एक नाही, दोन नाही, ढीगभर!

तशीच उठून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाला मान खाली घालून म्हणाला, "काकू रोज सकाळी पोट जळते म्हणत. तुमी शाळेत गेल्या की घोट घेत. मी त्यायले चार खेपा सांगतलं, थायरॉईडच्या गोळीत अन् याच्यात चार घंट्याचं अंतर ठेवा, नाई तं गोळी अंगी लागत नाई. तं म्हणे, सुनेले सांगू नको, दवाखान्यात पोटात नळी घालतीन."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं!

बाळापूरच्या तुमच्या बहिणीची दुर्बिणीने तपासणी झाली आणि कॅन्सर निघाला, तेव्हापासून त्या नळीनेच रोग जागा होतो असं तुमच्या डोक्यात बसलं होतं. भीती मी समजू शकते. मी डॉक्टरांना नंतर जाऊन विचारलंही. ते म्हणाले, पोट आधीच बिघडलेलं असलं तर ही गोळी नीट शोषली जात नाही, वरून ते औषध. आधी कळलं असतं तर वेळा बदलल्या असत्या, पोटाचा इलाज केला असता. मार्ग होता, आई. पण तुम्ही भीती झाकायला माझी अब्रू वापरलीत. याला मी काय म्हणू?

आता माझंही ऐका. मागच्या आठवड्यात ताई श्राद्धाचं ठरवायला आल्या होत्या. त्यांनाही थायरॉईड निघालंय, सहा महिने झाले. सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि लगेच पर्समधून तसलीच बाटली काढली. "पोट लय जळते वं आजकाल," म्हणाल्या. चेहरा तुमच्यासारखाच सुजलेला. आणि मी गप्प बसले! मनात आलं, भोगू दे. तुमच्यासारखीच मीही मान खाली घालून मेथी निवडत राहिले. आठ दिवस झाले, घास गोड लागत नाही.

तर वचन देते. उद्या ताईंनी पिशवी खाली ठेवली की पहिलं हेच बोलेन. दुर्बिणीला त्या घाबरतील तर त्यांच्यासोबत दवाखान्यात मी जाईन, हात धरून बसेन. तुले कसं ठाऊक, असं त्या विचारतील, तेव्हा तुमचं नाव सांगेन. मायनं तुह्यावर आळ येऊ देला का, असंही विचारतील. तेव्हा मी हो म्हणेन. त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलणार नाही, आणि मी तुम्हाला माफ केलंय असंही सांगणार नाही. कारण अजून केलेलं नाही.

तुमचीच सून,
वंदना