जर-तर वगळून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या भाषेत आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वैताग मात्र भरपूर आहे, आणि वैतागलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याला चालते, हे मी विचारून घेतले आहे.

वकीलसाहेबांनी करून आणलेला इंग्रजी मसुदा मी फाडला आहे. त्याची प्रत कुठे निघालीच, तर ती रद्दी समजावी. तो का फाडला हे आधी सांगते, कारण खालची कलमे त्यावरच उभी आहेत.

माझे वडील एका कंपनीत पत्रव्यवहार पाहायचे. त्यांच्यासारखी गोड इंग्रजी पत्रे त्या कचेरीत कोणी लिहीत नसे. नकार कळवायचा असला तरी वाचणाऱ्याला सत्कार झाल्यासारखे वाटायचे. आपले मृत्युपत्रही त्यांनी त्याच गोडीने लिहिले. घर दादाला दिले आणि पुढे मावशीबद्दल एक वाक्य घातले. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना वाढवायला आलेली ही आईची धाकटी बहीण. आमच्यापायी तिचे लग्न राहिले ते राहिलेच. तिला मागच्या खोलीत राहू दिल्यास 'आय शॅल बी ग्लॅड इफ', असे ते वाक्य होते.

बाबा गेल्यावर वर्षभरात घराला गिऱ्हाईक आले. दादाने कागद वकिलाला दाखवला. वकील म्हणाला, ही इच्छा आहे, अट नव्हे. मी भांडायला गेले, तर दादा म्हणाला, "बाबांना आनंद झाला असता, एवढंच लिहिलंय ना? आता बाबाच नाहीत, तर आनंद व्हायचा कोणाला?"

दादा दुष्ट नव्हता. मावशीची ट्रंक जिन्यावरून उतरवताना तो रडला होता. रडत रडतच त्याने ती उतरवली.

मावशी माझ्याकडे आली. माझ्या घरात जागा अशी नव्हतीच. मी आणि यजमान एका खोलीत, लहान मुलासह. दुसऱ्या खोलीत यजमानांची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. यजमानांना विचारले, तर ते "बघू" म्हणाले. ते जाईपर्यंत त्यांच्या तोंडी दुसरे उत्तर मी ऐकले नाही. तोवर वन्संनी आपली खाट सरकवली होती. दारात अवघडून उभ्या राहिलेल्या मावशीला त्या म्हणाल्या, "मावशी, खिडकीकडची बाजू हवी की भिंतीकडची?" राहायचे आहे का, किती दिवस, असले काही नाही. नुसते कोणती बाजू. मावशीने खिडकी घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. शेवटच्या आजारात तिचे सगळे वन्संनीच केले.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये व्याकरण शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. उंच, किरकोळ, बाहीला कायम खडूची भुकटी. त्या सांगायच्या की इंग्रजीत विशेषणावर एकट्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्या मागून कोण चालत येते ते पाहा. 'ग्लॅड'च्या मागून 'दॅट' आला, तर गोष्ट घडलेली आहे, आनंद हातात आहे. 'इफ' आला, तर सगळे अधांतरी. 'शुअर'च्या मागे 'दॅट' येतो, पण माणूस 'नॉट शुअर' झाला की 'व्हेदर' येऊन उभा राहतो. विशेषण तेच, चेहरा तोच हसरा; मागचा एवढासा शब्द माणसाला घरात ठेवतो किंवा जिन्यावर आणतो. हे मी जन्मभर शिकवले. मुलींनी घोकले, गुण मिळवले आणि विसरल्या. मावशीसारखी किंमत त्यांना मोजावी लागली नाही, हे बरेच झाले.

हे वकीलसाहेबही माझ्याच शिकवणीतले. मसुदा वाचून मी त्यांना समोर बसवले.

"बाई, इंग्रजीत असंच लिहितात. भारदस्त दिसतं."

"वन्संबद्दल काय लिहिलंयस ते वाच."

"'डिझायरस दॅट'... म्हणजे त्यांना राहू द्यावं, अशी तुमची इच्छा आहे."

"आणि माझ्या मुलाची नसली तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तर मग, बाई, ती तुमची इच्छाच राहते."

"हेच तुला नववीत शिकवत होते. तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत होतास."

ते हसले. मी हसले नाही. मसुदा फाडला तो त्यांच्यासमोरच.

कलम १. बँकेतली ठेव माझ्या मुलाला. तो गुणी आहे. परगावी असतो, पण रविवारचा फोन चुकवत नाही.

कलम २. माझी इंग्रजी पुस्तके मी जिथे शिकवले त्या शाळेला. सोबत एक विनंती, आणि ही विनंतीच आहे, हुकूम नाही: मुलींना 'ऑल्दो'च्या पुढे 'बट' लिहू देऊ नये. आपल्याकडे जरी आला की तरी येतोच. दोघे जोडीने सुखात नांदतात. म्हणून मुली इंग्रजीतही जोडी लावून देतात. इंग्रजीत ते बिऱ्हाड एकट्याचे आहे. हजारो वह्यांत मी तो 'बट' खोडला. माझ्यामागे कोणीतरी खोडावा.

कलम ३. लाल शाईची पेने वकीलसाहेबांना. वापरावीत.

कलम ४. सिस्टरांनी मला बक्षीस दिलेले व्याकरणाचे पुस्तक दादाला. 'ग्लॅड'चे पान दुमडून ठेवले आहे. त्याला हल्ली नीट दिसत नाही, तेव्हा वहिनीने मोठ्याने वाचून दाखवावे. त्यानंतर माझे त्याच्याशी भांडण नाही. वाचून होईपर्यंत आहे.

कलम ५. शिलाई यंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांना. आमचे परकर त्यांनी नेहमी आखूडच शिवले, तरी देते. माणूस चांगला आहे, माप वाईट आहे.

कलम ६. घर. हे मी माझ्या पगारातून आणि शिकवण्यांतून घेतले आहे. त्यात कोणाचा वडिलोपार्जित वाटा नाही. याबद्दल मुलाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "आई, आत्याला मी बाहेर काढीन का गं? लिही ना, तिला राहू दिलंस तर मला बरं वाटेल, म्हणून. घरातल्या घरात कोर्टाची भाषा कशाला?"

मी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघत राहिले. बाबांचेच वाक्य. अक्षरश: तेच, फक्त मराठीत. मुलाने ते कधी वाचलेले नाही.

बाळा, तू काढणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण उद्या तुझ्या नोकरीचे काही होईल, तुझ्या मुलींची शिक्षणे येतील, आणि दारात एक सभ्य गिऱ्हाईक उभे राहील. तेव्हा तू चांगलाच असशील. नुसता अडचणीत असशील. म्हणून मी तुझ्या चांगुलपणावर काही सोपवत नाही. तो तू दुसरीकडे वापर.

तर कलम असे: माझ्यानंतर या घराचा मालक माझा मुलगा. वन्सं हयात असेपर्यंत या घरात राहतील. 'राहाव्यात' नव्हे, 'राहू द्यावे' नव्हे, राहतील. जरी मुलाला पैशाची निकड लागली, जरी घराला सोन्याचा भाव आला, जरी वन्सं स्वत:च म्हणाल्या की "माझं काय, मी कुठेही राहीन", तरी त्यांच्या हयातीत हे घर विकता, भाड्याने देता किंवा गहाण टाकता येणार नाही. त्यांचे तोंडी "असू दे" ग्राह्य धरू नये. त्या जन्मभर "असू दे" म्हणत आल्या आहेत.

हे कलम मी काल वन्संना वाचून दाखवले. त्या वाटाणे सोलत होत्या.

"वहिनी, 'राहतील' काय? मी काय सरकार आहे? 'राहू द्यावे' लिहा. बरं दिसतं."

"नाही लिहिणार."

"पोराला वाईट वाटेल हो."

"वाटू दे."

"आणि मला वाईट वाटतंय, त्याचं काय? उपकार झाल्यासारखं होतंय मला."

"उपकार असता, तर मी 'राहू द्यावे' लिहिलं असतं, वन्सं."

सोललेले दाणे घेऊन त्या आत गेल्या. रात्री जेवताना बोलल्या नाहीत. सकाळी चहाही न बोलता दिला. मला वाटले, या बाईसाठी मी वडिलांशी, भावाशी, मुलाशी, वकिलाशी भांडले, आणि आता हिच्याशीही भांडायचे आहे. कपाळ बडवून घ्यायचे तेवढे राहिले होते.

आज दुपारी, हे कलम शाईने उतरवत असताना, त्या दारात आल्या.

"वहिनी, हातोडी कुठे असते?"

वन्सं या घरात आल्यापासून त्यांनी त्यांच्या खोलीच्या भिंतीला एक खिळा मारलेला नाही. आरसा खिडकीत टेकवून ठेवतात आणि वाकून केस विंचरतात. कितीदा म्हटले, टांगून घ्या. "असू दे, भिंत तुमची," म्हणायच्या.

मी कशाला म्हणून विचारले नाही. वरच्या फळीवर आहे, एवढे सांगितले.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला आहे. त्यात कुठेही जर-तर राहिलेले नाही. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

साक्षीदार: (१) डॉक्टरीणबाई, (२) त्यांचे कंपाउंडर. दोघांनी माझ्यासमोर, आणि मी त्यांच्यासमोर सही केली. वन्संचे नाव आत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. शिवाय त्या कामात आहेत.

ठिकाण: माझी खोली. भिंतीपलीकडे ठोकाठोक चालू आहे, त्यामुळे सही थोडी हलली आहे. ती माझीच आहे.

दिनांक: शनिवार, ९ जानेवारी २०१६

(सही)