गंभीररावांच्या लिदेसाठी प्रार्थना

तीर्थस्वरूप दाजींना मनापासून सलाम.

तुम्हाला नि ताईला प्रभूची शांती लाभो. इकडे ती सकाळपासून कुणालाच लाभलेली नाही, तेव्हा आमच्या वाटणीचीही तुम्हीच ठेवून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला? (औषध घेतलं म्हणून सांगते आणि मोरीत ओतते, लहानपणापासूनची खोड आहे, लक्ष ठेवा.) आमची ही बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही. का, ते पुढे येईलच. हे पत्र मी कारखान्यात, एका शवपेटीच्या झाकणावर कागद ठेवून उभ्याउभ्या खरडतोय. (पेटी रिकामी आहे, घाबरू नका.) खिडकीबाहेर चर्चच्या आवारात हेडमास्तर घोड्याला फिरवताहेत. टापांचा आवाज येतोय तोवर ठीक. तो थांबला की मला हातातलं टाकून पळायचंय, म्हणून एखादं वाक्य अर्धवट राहिलं तर राग मानू नका. कामाचं शेवटी लिहितो.

गंभीरराव तुम्हाला आठवत असेल. आमच्या मंडळीच्या प्रेतगाडीचा घोडा. हे नाव काही कुणी विचार करून ठेवलेलं नाही, चेहऱ्यावरून पडलं. काकांना पोचवलं ते त्यानंच, आणि त्या दिवशी सगळ्यात मनापासून दुःखी तोच दिसत होता, हे तुम्हीच म्हणाला होतात. आता मंडळीनं मोटार घेतली. मग घोड्याचं काय करायचं? हेडमास्तर (म्हणजे निवृत्त, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही) कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी एक व्यापारी शोधून ठेवला. हा व्यापारी म्हातारी जनावरं घेऊन कुठं जातो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच कुणी विचारत नाही.

कमिटीची सभा संपताना पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. त्यांच्या मनाला ते लागलं होतं, पण हेडमास्तरांपुढे बोलायची छाती नाही, म्हणून त्यांनी ते परस्पर देवाला सांगितलं, की प्रभो, इथं बसलेल्यांपैकी कुणीतरी या मुक्या जिवाला आपल्या छपराखाली घेवो. आता माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. मी आमेन पोटातून म्हणतो. बाकीचे सगळे मुरलेले कमिटीवाले, चिडीचूप. माझं एकट्याचं आमेन वासे हलवून आलं. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. हेडमास्तर म्हणाले, छान, मंजूर. पण घोड्याची आबाळ झाली तर त्याच दिवशी व्यापाऱ्याला निरोप. अशा रीतीनं गंभीरराव माझ्या फळ्या नि पेट्यांच्या मध्ये राहायला आले, आणि पेटी निवडायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून मान ठेवायला लागले. (एका बाईंना वाटलं यजमानच परत आले.)

हेडमास्तर दुष्ट नाहीत हो. त्यांचं गणित आहे. माणसाला देवानं सगळ्या प्राण्यांवर सत्ता दिली, प्राण्याला अमर आत्मा नाही, सबब उगाच गळा काढू नये. मी सुतार माणूस, मला वाद कुठला जमतोय. तरी म्हटलं, मालकानं दुकानाच्या किल्ल्या दिल्या म्हणजे दुकान फुंकून टाक असं सांगितलं का? विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या, विश्रांतीच्या दिवशीसुद्धा बाहेर काढतात, हे प्रभूच विचारतो ना? ते म्हणाले, बैल कामाचा असतो. तेव्हा दारातून आमची ही, हातात पीठ, म्हणाली, "आपल्याला निदान पुढं स्वर्ग तरी आहे. त्याला तो नसेल, तर त्याचं जे काय बरं व्हायचं ते इथंच, आपल्याच हातून व्हायला हवं ना?" हेडमास्तरांनी चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पाळकसाहेबांना धीर आला आणि त्यांनी मागच्या रविवारी मुक्या प्राण्यांवरच्या दयेवर उपदेश केला. फार सुंदर! एक चिमणीही पित्याच्या नजरेबाहेर पडत नाही, वगैरे. लोक रडले. आणि दाजी, घात झाला. सबंध मंडळीच्या अंगात दया शिरली, आणि दया करायला जनावर एकच.

आज सकाळी उपासनेच्या आधी बघतो तर गंभीरराव पाय झाडतायत, वळून वळून पोटाकडे बघतायत, घामानं निथळलेत, आणि खाली बसून लोळायला बघतायत. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोटाला कान लावला, सुई टोचली, नळीनं तेल पाजलं आणि सांगितलं, पोट बंद पडलंय. आडवा पडू देऊ नका, लोळला तर आतडं पिळेल आणि मग माझ्या हातात काही नाही. हळूहळू चालवत राहा. लीद पडली तर वाचला. मग विचारलं, "खायला काय दिलंत?"

उपासनेला आलेली सगळी मंडळी आवारात गोळा झालेली. मी म्हटलं, रोजचा चारा, आणि हिनं दिल्या असतील थोड्या चपात्या. (बोलत नाही ती यामुळे. सगळ्यांसमोर आधी तिचं नाव घेतलं.) ती कडाडली, आणि तू रोज पाव देतोस तो? मग एकेक तोंड उघडलं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी केक. मोटारीच्या नव्या ड्रायव्हरनं गूळ, कारण आपण घोड्याची नोकरी खाल्ली म्हणून मनाला खात होतं. पाळकसाहेबांनी उरलेला भात. अहो, पापांची इतकी मोकळी कबुली आमच्या चर्चच्या आत कधी झालेली नाही! डॉक्टर ऐकतच राहिले. म्हणाले, याला दयेची बाधा झालीय. मी हसलो नाही. घोड्याचे डोळे बघितले असतेत तर तुम्हीही हसला नसतात.

तेव्हापासून चालवतोय. मी चालवला, ड्रायव्हरनं चालवला, परत मी. आत उपासना सुरू झाली. प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ आली तेव्हा हिनं उभं राहून घोड्यासाठी विनंती केली (मी खिडकीतून ऐकत होतो, दोर हातात). पाळकसाहेब अडखळले. हे कृपाळू पित्या, या जनावराला आतून मोकळीक दे, त्याच्या अंतरीचा अडथळा... ऑर्गनवाल्या बाई न राहवून म्हणाल्या, "लीद म्हणा हो, देवाला कळतं." आणि सबंध मंडळीनं, पोराबाळांसकट, लिदेसाठी डोळे मिटले. एकानंही हसू लपवायला तोंड दाबलं नाही. त्यांना कळलं होतं, हा मेला तर आपण मारला.

इतक्यात इकडे त्याचे पुढचे गुडघे वाकले. मी ओढतोय, ओरडतोय, शिव्या देतोय (आवारात, रविवारी, देवा क्षमा कर), पण तो खाली चाललेला. मागून कुणीतरी खांदा लावला. बघतो तर हेडमास्तर, कोटासकट. तोल सांभाळत त्याला उभा केला. मला वाटलं आता व्यापाऱ्याचं काढतात. ते एवढंच म्हणाले, "भिजवलेले हरभरे. पिशवीभर. रोज. शाळेत खडू लपवणाऱ्या पोरासारखा येत होतो मागच्या दारानं." मग माझ्या हातातला दोर घेतला आणि म्हणाले, जा, टेक जरा. आणि दाजींना पत्र लिही, त्यांच्याकडे कुरण आहे. हा जगला तर त्याला आपल्यासारख्या प्रेमळ माणसांपासून लांब ठेवलं पाहिजे.

म्हणून हे पत्र. पण दाजी, आता टापा फार सावकाश पडताहेत. आणि हेडमास्तर काहीतरी बोलताहेत त्याच्याशी, खालच्या आवाजात, ऐकू येत नाही. मला भीती वाटतेय. आवाज थांब

ता. क. : पडली! दाजी, लीद पडली! हेडमास्तर ओरडले ते मला भलतंच वाटलं, झाकणाला धडकून पळालो, गुडघा फुटला. आवारात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. पाळकसाहेबांनी तिथंच स्तोत्र सुरू केलं. ही माझ्याशी बोलली (म्हणाली, रक्त पुस).

ता. क. दुसरा : आता कामाचं. कमिटीनं व्यापाऱ्याचा विषय कायमचा काढून टाकला आहे. तुम्ही गंभीररावांना कुरणावर ठेवून घ्याल का, अशी कमिटीची विनंती आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ते माझ्याकडेच राहतील, चाऱ्याशिवाय काही द्यायचं नाही या अटीवर. लेखी उत्तर कळवावे.

ता. क. तिसरा, खाजगी : दाजी, पाया पडतो, नाही म्हणा. तुमच्याकडे गवत आहे, मोकळी हवा आहे, सगळं कळतं मला. पण नाही म्हणा. ताईला पत्र दाखवू नका, ती लगेच हो म्हणेल.

ता. क. शेवटचा : पाकीट चिकटवत होतो तोच हेडमास्तर आले. पत्र टाकलं का म्हणाले. म्हटलं, निघालोच. बराच वेळ घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्यांना लिही, अडचण असेल तर संकोच करू नका म्हणावं." आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "अडचण असेलच रे त्यांना. असतेच माणसाला."