तीनशे बाराच्या दारावरची पाटी

३ मार्च, सोमवार

आज हॉटेलात रुजू झाले. स्वागत छान झालं. चहा मिळाला, नोकरांच्या खोलीत खिडकीजवळचा पलंग मिळाला. गणवेश अंगाला नेमका बसला. धाकटीचं आणि माझं माप एकच होतं.

माझं सासरचं आडनाव वेगळं आहे. त्यामुळे इथे काम करणारी जी मुलगी जानेवारीत तीनशे बारा नंबरच्या खोलीत मेलेली सापडली ती माझी धाकटी बहीण, हे इथे कोणाला ठाऊक नाही. दारावर ‘त्रास देऊ नये’ ही पाटी होती. पाटी असली की दोन दिवस दार वाजवायचं नाही, हा इथला नियम. तिची सुटी लागली होती. इथे वाटलं ती घरी गेली, आम्हाला वाटलं ती कामावर आहे. दोन दिवस ती आत होती. डोकं इस्त्रीने फोडलेलं, आणि वर पांढरी चादर चारी बाजूंनी घट्ट खोचलेली. पोलिसांनी ओळख पटवायला फोटो दाखवला तेव्हा मी चेहऱ्याकडे पाहू शकले नाही. चादरीच्या पायाकडच्या कोपऱ्याकडेच पाहत राहिले. पोलीस अजून त्या खोलीतल्या पाहुण्याला शोधताहेत.

मला एवढंच कळायला हवं आहे की पाटी कोणी अडकवली. कळलं की मी आईकडे जाईन.

४ मार्च, मंगळवार

मजल्यांवरच्या कामाचे प्रमुख सगळ्यांचे ‘मास्तर’. मऊ बोलतात. हातात बारीक छडी असते, तिने पलंगाचा कोपरा दाखवतात, स्वतः चादरीला हात लावत नाहीत. पायाकडची घडी बाहेरच्या अंगाला वळली पाहिजे, प्रत्येक पलंगावर, प्रत्येक मजल्यावर. त्यांनी मला विचारलं, खोली सर्वांत सुंदर केव्हा दिसते. मी म्हटलं, आवरल्यावर. ते म्हणाले, नाही, आतलं कोणीच हलत नाही तेव्हा.

माझ्या जोडीला एक बाई आहे. अखंड बोलते म्हणून तिला चिमणी म्हणतात. तिच्या सामानाच्या गाडीचं एक चाक करकरतं. ती म्हणाली, तेल घालू नकोस गं ताई, मास्तरांना कळायला हवं की मी काम करतेय. उशीबद्दल म्हणाली, हिचा थाट बघ, रोज नवा अभ्रा, आपल्याला वर्षाला एक गणवेश.

तिने शिकवलेलं लिहून ठेवते. खोली आवरताना दार उघडं ठेवून गाडी दारात आडवी लावायची, म्हणजे कोणी आत येत नाही. फोन खाली पेटीत जमा करायचा. न्हाणीघराची कडी बाहेरून नाण्यानेही फिरते, कोणी आत चक्कर येऊन पडलं तर. आणि पाटी असली की आतून काहीही ऐकू येवो, आपण बहिरे.

७ मार्च, शुक्रवार

धोबीकाकांशी ओळख झाली. तळघरात कपडे धुतात. जानेवारीत गेली तिच्या जागेवर मी आलेय, असं त्यांना सांगितलं. म्हणाले, पोरगी गुणी होती. सापडण्याच्या दोन दिवस आधीच खाली एक अभ्रा आला होता, रक्ताने भिजलेला. तो मास्तरांना दाखवला. मास्तर म्हणाले, पाहुण्याचा घोळणा फुटला असेल, टाका गरम पाण्यात.

मी विचारलं, हे पोलिसांना सांगितलं का. काका म्हणाले, कोणी विचारलंच नाही, पण आता सांगतो. मी वळले तर मास्तर जिन्यावर उभे होते. हसले. चादरी वेळेवर वर पाठवा म्हणाले.

८ मार्च, शनिवार

धोबीकाका गेले.

चादरी इस्त्री करायचा मोठा रूळ आहे, तापलेला. त्याच्या पुढची जाळी कोणी काढली होती. काकांचा हात आत गेला, खांद्यापर्यंत. यंत्र बंद करायचं बटण चालत नव्हतं. ते बराच वेळ ओरडत होते. आम्ही पोचलो तेव्हा रुळावर भाजलेल्या मांसाचा वास होता आणि चादर लाल होऊन पलीकडून बाहेर पडत होती, नीट, सरळ, इस्त्री होऊन.

फरशी मी आणि चिमणीने पुसली. ती दिवसभर एक शब्द बोलली नाही. मी काकांना विचारायला नको होतं.

११ मार्च, मंगळवार

आज एकदम चाळीस पाहुणे आले. माणसं कमी. मास्तरांनी छडी ठेवली आणि स्वतः पलंग लावला. तीनशे पाचमध्ये, माझ्यासमोर. झरझर. डाव्या हाताने.

पायाकडची घडी आतल्या अंगाला वळली.

चिमणी खिदळली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. मास्तरही हसले, म्हणाले, मी करतो तसं नाही, सांगतो तसं करा.

फोटोतल्या चादरीची घडी आतल्या अंगाला होती. या हॉटेलात तशी घडी दुसऱ्या कोणाचीच नाही.

मी किती वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होते कोण जाणे. वर पाहिलं तर ते माझ्याकडे पाहत होते.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुटीत तपासाच्या साहेबांना फोन केला. अभ्रा, घडी, डावा हात, काकांचं बोलणं, सगळं सांगितलं. उद्या दहाला येतो म्हणाले. काही करू नका, नेहमीसारखं काम करा.

संध्याकाळी चिमणी सांगत होती, मजाच झाली, पोलिसांचा फोन आला होता, मास्तर डावखुरे आहेत का विचारत होते. तिने पुढे म्हटलं, फोन मास्तरांनीच उचलला.

आईला पत्र लिहिलं. परवा निघते असं लिहिलं.

१३ मार्च, गुरुवार, सकाळ

मास्तरांनी मला तीनशे बारा दिली. नेहमीसारखं काम करायचं आहे. दहाला पाऊण तास आहे. गाडी दारात आडवी लावते आहे.

गुरुवार

न्हाणीघरात आहे. कडी लावली आहे. मी चादर पसरत होते. त्यांनी माझीच गाडी आत ढकलली, माझ्या पोटावर, मला भिंतीपर्यंत रेटलं. दार लावलं. हातात इस्त्री. पहिला घाव खांद्यावर. दुसऱ्याच्या आत मी इथे घुसले. डावा हात उचलवत नाही. रक्त वहीवर पडतंय.

त्यांनी खोलीचं दार किंचित उघडलं. पाटीची दोरी मुठीवर सरकली. मी ऐकली. मग टीव्ही लावला. मोठ्याने.

करकर. चिमणीचं चाक. ही भिंत पॅसेजला लागून आहे. मी ओरडले. भिंतीवर डोकं आपटलं, साबणदाणी आपटली. चाक थांबलं. दारापाशीच थांबलं.

पाटी वाचली असेल.

करकर पुढे गेली.

—वही मळक्या टॉवेलात गुंडाळून बेसिनखालच्या कपाटात टाकते. मळके टॉवेल तळघरात जातातच. खाली जो कोणी असशील, हे गरम पाण्यात टाकू नकोस. साहेबांना दे. माझी चादर बघा म्हणावं, पायाकडचा कोपरा, घडी आतल्या—

नाणं. कडीच्या खाचेत नाणं लागलं. फिरतंय. पाठीने दार रेटून धरलंय, लिहिता ये—

आईला म्हणावं कळलं, पाटी कोणी