खालून बघणारं माणूस

वन्सं,

खुशाली विचारत बसत नाही, मला ते जमत नाही. तुम्ही घर सोडून गेलात त्याला चार महिने झाले आणि आपली गोधडी अजून चौकटीवर ताणलेलीच आहे. वरून चौकोनांची, खालून त्रिकोणांची. दोन्हीकडून नक्षी हवी हा हट्ट माझाच.

वरून टोचलेली सुई खालच्या जोडावर येते का, ते खाली बसून तुम्ही सांगायचात, "जरा डावीकडे, वहिनी," आणि सुई परत वर टोचायचात. आता टाका घालायचा, रांगत खाली शिरायचं, बघायचं, परत वर. या वयात मांजराचे धंदे.

त्या दिवशी शेजारणींसमोर मी ओरडले, "वन्सं, डोळे आहेत की बटणं? अख्खी ओळ वाकडी नेलीत!" तुम्ही सुई ठेवलीत आणि संध्याकाळी बॅग उचललीत.

तर ऐका. काल पुढची ओळ मी एकटीने घातली. तीही तश्शीच वाकडी गेली, त्याच बाजूला. सुई मीच तिरकी धरते. इतकी वर्षं तुम्ही ती खालून सावरून घेत होतात आणि एका शब्दाने मला दोष दिला नाहीत. एकदाच सावरली नाहीत, तर मी हे केलं.

तुमचे दादा म्हणतात, "फोन कर, जीभ झिजणार नाही तुझी." माझी झिजते.

हे पत्रही टपालात पडायचं नाही, मी मला ओळखते. पण अजून सुई टोचली की तोंडातून निघतंच, "आली का?" आणि हात तसाच धरून मी बसून राहते.

तुमची,
वहिनी