चिंचोक्यांचं घर

थाटीपुर, ग्वाल्हेर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्करास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अपर्णाची पाठ आता कशी आहे? इकडे सकाळी गार वाटू लागलंय. अनारशांचं पीठ मुरत ठेवलंय. गुडघे जिना सोडून बाकी सगळं ऐकतात. फ्लॅटच्या कागदांवर सही केलीस का, असं विचारायला तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी अनारशांवर बोलले. म्हणून हे पत्र. फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तू म्हणतोस, "ताई, भाषण नको." पत्राला मध्येच तोडता येत नाही.

माझ्या रविवारच्या वर्गात कॉलेजची मुलं येतात, हे तुला ठाऊक आहे. आधी मी बचत, कर्ज, स्वावलंबन यांवर टेबल आपटून बोलायचे आणि मुलं मोबाइलवर बोटं फिरवायची. आता त्याच टेबलावर चिंचोके ओतते. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. मुलं कुटुंब बनवतात आणि महिना चालवून दाखवतात. भाडं, किराणा, स्कूटरचा हप्ता. मध्येच चिठ्ठी काढायला लावते, तीत कुणाचा पाय मोडतो, कुणाचं लग्न ठरतं. गेल्या महिन्यात नीलमच्या घराने पहिल्याच आठवड्यात भला मोठा टीव्ही घेतला आणि शेवटचा आठवडा खिचडीवर काढला. माझ्या पन्नास भाषणांनी जे झालं नाही, ते त्या खोट्या खिचडीने केलं!

परवा एक मुलगा आला नाही. नीलम म्हणाली, "मॅम, हमारे घर में दादी कम पड़ रही हैं. आप बन जाइए." बनले. कारभारी होता युवराज, दौलतगंजच्या कापडदुकानदाराचा मुलगा, भारी चुणचुणीत. भराभर वाटण्या झाल्या. मी म्हटलं, "मला चष्मा करायचाय."

"दादी, अगले महीने देखेंगे."

"अरे, माझी पेन्शन आहे की! पंचवीस चिंचोके. कुठे गेले?"

"वो तो हमने शुरू में ही मिला लिए. आप आराम से बैठिए ना दादी, आपको किस बात की टेन्शन?"

इतक्या प्रेमाने म्हणाला, पुष्कर! सगळे हसले, मीही हसले. मग पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

तू अगदी असंच म्हणतोस.

तुझे भावोजी गेले तेव्हा चेकबुक कुठल्या कपाटात आहे हेही मला माहीत नव्हतं. तू धावत आलास, सगळं अंगावर घेतलंस, माझी ठेव वाढवलीस. तुझ्या सचोटीबद्दल शंका असती तर मी पत्र लिहीत बसले नसते, पुण्याला येऊन तुझ्या दारात गरजले असते. पण मंचावरून मी बायकांना सांगते, आपली सही, आपला निर्णय! आणि माझ्या खात्यातून रुपया हलला की मेसेज वाजतो तुझ्या खिशात.

कागद सही न करता परत पाठवतेय. माझ्या ठेवीतून तू घेऊ बघतोस तो फ्लॅट चांगलाच असेल, तुमच्या शेजारी असेल. पण मला इथे राहायचंय, या मुलांत, आणि ती ठेव मला माझ्या हाताने सांभाळायची आहे. चुका होतील. टीव्ही घेणार नाही, पण घेतलाच तर खिचडी खाईन.

यंदाची ओवाळणी आधीच मागून ठेवते. ताटात पाकीट घालू नकोस. भाऊबीजेला येशील तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर इथल्या बाड्याच्या चौकातल्या बँकेत चल. माझ्या खात्याला माझा मोबाइल नंबर जोडायचाय. फॉर्म मी भरीन. तू नुसता मागे उभा राहा. लहानपणी शाळेची फी तुझ्या मुठीत देऊन, तू खिडकीशी टाचा उंचावून ती भरेपर्यंत मी उभी राहायचे ना, तसा.

तुझ्यावर रागावलेली नाही. हे वाक्य दोनदा वाच.

तुझी,
सरोजिनीताई