तुम्ही छपरावरून पडला नव्हतात

आबा,

तुम्ही आपल्या घराच्या छपरावरून कधीच पडला नव्हतात. तुम्ही पडलात ते सारंगखेड्याला, कापसाने गच्च भरलेल्या ट्रकवरून. ताडपत्री आवळायला वर चढलात, मागे रेलून दोर ओढलात आणि कुजका दोर तुटला. तो दोर बदला म्हणून तुम्ही ट्रकच्या मालकांच्या किती मागे लागला होतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दवाखान्यात मालक खाटेशी येऊन उभे राहिले आणि तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "घरना छप्परवरथीन पडनू." ड्रायव्हर कामावर पडला अशी नोंद झाली असती, तर मालकांना भरपाई द्यावी लागली असती. तुम्हाला त्यांची अब्रू प्यारी. तुमचं कंबरेखालचं अंग गेलं, आणि आई मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठं खुडून, तिखटाने डोळे सुजवून घरी यायची. दिवाळीला मालक पेढे घेऊन आले की तुम्ही मला त्यांच्या पाया पडायला लावायचात. एकदा मी शेजारणीला खरं सांगितलं, तर पडल्या पडल्या माझ्यावर खेकसलात, "तोंड बंद ठेव. त्यास्नामुये घर चाली ऱ्हायनं." घर आई चालवत होती, आबा. तुम्हाला तर कूससुद्धा तीच बदलून द्यायची.

पुढे त्याच मालकांच्या गाडीवर धाकटा बसला, माझा भाऊ, तुमचा लाडका. मी नको नको म्हणत होते. परवा तोही भरल्या गाडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. मी नंदुरबारला दवाखान्यात पोचते तर मालक माझ्याआधी हजर, आता म्हातारे झालेले, हातात केळ्यांची फणी, तोंडात साखर. "ताई, घरमा पडना आशे सांग. दवाखानाना खर्च मी दखसू." डॉक्टर येतात, कसा पडला म्हणून विचारतात. धाकटा मालकांकडे बघतो, तोंड उघडतो, "छप्पर..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. गाडीवरून पडला, म्हटलं, यांच्याच गाडीवरून, आणि तसंच लिहा. डॉक्टरांनी लिहिलं. मालक केळी घेऊन परत गेले.

धाकटा माझ्याशी बोलत नाही. "तू कोन सांगनारी?" एवढंच म्हणाला. आता आपल्याला कोणी गाडी देणार नाही, अशी त्याला धास्ती. हे लिहिलेलं मी त्याला दाखवणार नाही, कोणालाच नाही. गल्लीत म्हणतात, बहीण भावासाठी उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊ माझ्या डोक्यातही नव्हता. मला फक्त तुम्हाला खोटं पाडायचं होतं.