दारावरचा हातमोजा

६ मे, मंगळवार

स्कारवोयला पोचले, मासळीच्या कारखान्यात कामाला. बोटीतून उतरताना बॅग हातातून निसटली, ती धक्क्यावरच्या एका माणसाने झेलली. तोच स्टाइनार निघाला, आमच्या रात्रपाळीचा मुकादम. उड्या मारणारा मासा पकडणाऱ्याला बॅगेचं काय कौतुक, असं म्हणून तो स्वतःच हसला. मलाही हसू आलं, जरा उशिरा.

कामगारांचं घर पिवळं आहे, धक्क्याला लागून. वरच्या मजल्यावर बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर. माझ्या खिडकीतून खाडी दिसते आणि पलीकडच्या डोंगरावरचा उरलेला बर्फ. चादरी स्वच्छ आहेत. मी तरी पुन्हा धुतल्या.

बाबांनी मला दीपगृहावर, जेवणाच्या टेबलावर शिकवलं. शाळा म्हणजे ते टेबल आणि वर्ग म्हणजे मी. झोपण्याआधी त्या दिवशीचं जे खरं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नियम. तो इथेही पाळणार. मी पंधरवड्यात परत येईन असं त्यांना वाटतं. बोटीत बसवताना ते तसं म्हणाले नाहीत, पण माझा पलंग तसाच ठेवतो म्हणाले.

९ मे, शुक्रवार

काम जमतंय. सरकत्या पट्ट्यावरून सॅल्मन माशाचे तुकडे येतात, त्यातले राहिलेले काटे चिमट्याने काढायचे. समोर हिल्दुर उभी असते. तिची खोलीही माझ्या खोलीला लागून आहे. बावीस वर्षं रात्रपाळी. नवरा नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, होता गं, पण तो दिवसपाळीला होता, आमची ओळखच झाली नाही. सगळा पट्टा हसला.

आज तिने माझ्या खिडकीला स्वयंपाकाचा चंदेरी कागद चिकटवून दिला. ऊन आता रात्रीही जात नाही, कागद नसला तर पापण्यांच्या आत घुसतं, म्हणाली. मग एक हातमोजा दिला, राखाडी लोकरीचा, अंगठा लाल. तिनेच विणलेली जोडी. उजवा तिच्या दाराच्या मुठीवर असतो, डावा माझा. झोपताना बाहेर लावायचा, उठलं की काढायचा. ज्या दारावर मोजा आहे त्या दाराला कोणी हात लावत नाही, बोळातून अनवाणी जायचं, कुजबुजून बोलायचं. एकदा एका बाईने केक द्यायला दार वाजवलं होतं. तिच्याशी वर्षभर कोणी बोललं नाही, म्हणे. मला हे आवडलं. माणसांशी कसं वागायचं ते इतकं स्पष्ट कोणी सांगत नाही.

२० मे

तारीख कोणती घालावी, हा प्रश्न पडला. कामाला निघाले तेव्हा एकोणीस होती, आता झोपायला जाते तर वीस. बाबांच्या नियमात याची सोय नाही. सूर्य दोन्ही वेळा त्याच डोंगरावर होता.

सकाळी बटाटे आणि उकडलेला कॉड मासा जेवले. पोटात जळजळ. झोप तीन-चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांची. जागी होते तेव्हा काळजाचे ठोके उशीवर ऐकू येतात. काल चिमट्याला काय म्हणतात ते आठवेना. हिल्दुर म्हणाली, पहिल्या महिन्यात शब्द जातात, दुसऱ्या महिन्यात कंबर, पुढे कशाचा हिशोब राहत नाही. तिचे पाय सुजलेले असतात. रक्तदाबाच्या गोळ्या ती कॉफीबरोबर घेते.

४ जून

डॉक्टरकडे जाऊन आले. मी तोंड उघडायच्या आधीच त्याने माझ्या तक्रारी मला वाचून दाखवल्या, छापील कागदावरून. पोट, झोप, मासिक पाळी चुकणं, साखर, रक्तदाब, पुढे हृदय. काहींना सोसतं, काहींना नाही, आणि कोणाला सोसणार हे आधी कळत नाही, म्हणाला. नियमित झोप घे. मी विचारलं, केव्हा. त्याने तो कागद माझ्या हातात दिला.

दिवसपाळी मागितली. स्टाइनार म्हणाला, तिथली जागा सुटली तर रांगेत तू शेवटची. या वेळची हिल्दुरला मिळाली. ती मागत होती बारा वर्षं. तेवीस जूनपासून दिवसाची. त्याआधी आठवडाभर सुट्टी, झोपेची बाजू बदलायला, दिवसाची झोप रात्रीवर न्यायला. आज पट्ट्यावर ती गात होती. म्हणाली, आता मी माणसांत येणार, पोरी, तू मात्र मला ओळख दे हो.

१८ जून

हिल्दुरच्या दारावर सकाळी मोजा होता, संध्याकाळीही तोच. बाजू बदलतेय बिचारी. मी अनवाणी गेले.

दुपारी भिंतीत ठक ठक झालं. थांबून थांबून. पाण्याचा नळ असेल. कानात मेण घातलं आणि खूप दिवसांनी चांगली झोपले.

१९ जून

मोजा आहेच. स्वयंपाकघरात एकजण मोठ्याने हसला, त्याला मी गप्प केलं.

२३ जून, सोमवार

आज ती दिवसपाळीला गेली नाही, म्हणून दार उघडलं. सगळे सांगतात, झोपेतच गेली, बुधवारी, हृदय.

ती पलंगावर नव्हती. भिंतीशी खाली होती. माझ्या भिंतीशी. हात वर.

नळ तिकडच्या भिंतीत नाहीच. मी आज बघितलं.

२७ जून

तिची बहीण उत्तरेकडून आली. उजवा मोजा तिने शवपेटीत हिल्दुरच्या हाताखाली ठेवला. मी डोळ्यांनी पाहिलं.

मग घरात सभा झाली, कॉफी आणि केक ठेवून. मोज्याचा रिवाज बंद करायचा का. कोणालाच बंद करायचा नव्हता. दार वाजायला लागलं तर आपण झोपायचं कधी, असं जो तो म्हणाला. शेवटी ठरलं की मोजा पुरे दोन दिवस हलला नाही तर मगच दार वाजवायचं. हात वर करून मतं घेतली. माझाही हात वर होता. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

नंतर स्टाइनार बाजूला येऊन म्हणाला, रांगेतल्या कोणालाच हिल्दुरची जागा नको आहे, शकुन-अपशकुन मानतात लेकाचे. घेतेस का. सात जुलै, सोमवार, सकाळी सहा. त्या दिवशी हजर नसलीस तर जागा नव्या येणाऱ्याला. मी हो म्हणाले. मला लाज वाटली आणि मी हो म्हणाले.

३० जून

कामावरून आले तर पलंग गरम. चादरीला अंगाचा आकार, भिंतीकडच्या बाजूला. दार बंद होतं, किल्ली माझ्याजवळ. ऊन लागलं असेल म्हणावं तर खिडकीला कागद आहे.

काठावर पडून राहिले. झोप आली नाही.

२ जुलै

हिल्दुरच्या खोलीत नवी मुलगी आली, तिरिल. सारखी हसते. तिला मोज्याचा नियम मीच सांगितला. दोन दिवसांचंही सांगितलं. ती म्हणाली, अरे वा, म्हणजे मेलं तरी निवांत. मग जीभ चावली. मी तिला अनवाणी चालून दाखवायला लावलं.

पलंग आजही गरम. कोणीतरी रात्रभर माझी झोप झोपून घेतं आणि मला नुसती ऊब उरते.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, इतकं जागरण झालं की असं वाटतंच, कागदावर आहे. दुसऱ्या पानावर.

४ जुलै, शुक्रवार

शेवटची रात्रपाळी संपली. आता दोन दिवस झोपेची बाजू बदलायची, आणि सोमवार.

झोपताना मोजा बाहेर लावला नाही. मुद्दाम. उशाखाली ठेवला.

उठले तर बाहेर मुठीवर मोजा. उशाखालचा उशाखालीच. बाहेरच्याचा अंगठा बघितला. उजव्या हाताचा आहे.

५ जुलै

तो उजवा मोजा धक्क्यावरून खाडीत टाकला. बुडाला, मी बघत होते. वर आले तर मुठीवर, कोरडा. आतून गरम — नुकताच हातातून काढल्यासारखा.

तिरिलला सांगून ठेवलं, सोमवारी पाचला माझं दार जोरात वाजव, मोजा असला तरी. ती हसली. म्हणाली, माझी परीक्षा घेतेस होय, मी नाही फसायची, मोजा असला तर बोटही लावणार नाही. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, तूच शिकवलंस ना.

मीच शिकवलं.

बाबांना फोन केला. रविवारी बोट नाही. सोमवार दुपारची आहे. पलंग तसाच आहे म्हणाले.

रविवार

झोपायचं नाही. खुर्चीवर बसून आहे. कॉफी. खिडकीचा कागद फाडून काढला, ऊन सगळीकडे. डोळे उघडे आहेत. नक्की उघडे —

पलंगाकडे बघत नाही.

खुर्ची गरम आहे.

रविवार, की पुढचा

पलंगावर आहे. कशी आले — खिडकीला कागद परत आहे. अंधार. घड्याळ ऐकू येतं, दिसत नाही. पाय हलत नाहीत. आवाज फुटत नाही. उजवा हात तेवढा. चाचपडत लिहितेय.

भिंतीकडे कोणीतरी. कुशीवर. श्वास सावकाश, पोटभर झोपलेल्या माणसाचा.

सोमवार

गजर वाजला आणि थांबला. मी थांबवला नाही.

भिंतीवर ठोकतेय. ठक. थांबून. परत. तिरिलची कॉट कुरकुरली. ती उठली. ती ऐकतेय —

खण उघडला. मेणाची डबी — तो आवाज मी ओळखते —

पावलं. बोळात. स्टाइनारची, जड, मग एकदम हलकी. बूट काढले. दाराशी आलाय. किती जवळ. तिरिल हळूच म्हणतेय, पण आज तिचा पहिला दिवस ना. तो कुजबुजतोय, मोजा आहे, झोपू दे, दमलीय पोरगी. सहाला तिच्या जागी तूच चल खाली. बुधवारी बघू.

बुधवारी

चाललेत. अनवाणी. किती छान शिकलीय ती, मी

तिकडे कूस बदलली. हात माझ्या हाता —